नदीएवढा देश

अल अझीझिया, दोहा
शुक्रवार, ११ फेब्रुवारी २०२२

प्रिय गार्गी,

आफ्रिकेचा नकाशा उघडलास की पश्चिमेकडच्या फुगीर भागात, अटलांटिकच्या काठावर, एक चेहरा दिसतो. तुझंही लक्ष त्याच्याकडे कधीतरी गेलं असेल. सेनेगल नावाचा देश समुद्राकडे तोंड करून बसला आहे. डाकार शहर ज्या टोकावर आहे ते त्याचं नाक, आणि नाकाखाली आडवी, अरुंद, जराशी वाकडीतिकडी फट दिसते ते त्याचं तोंड. कोडं असं आहे की हे तोंड सेनेगलचं नाही. तो दुसराच देश आहे. तिन्ही बाजूंनी सेनेगल, चौथ्या बाजूला समुद्र. रुंदी जास्तीत जास्त पन्नास किलोमीटर आणि लांबी मात्र सव्वातीनशेच्या आसपास. असा देश कुणी आखला, का आखला, आणि एवढ्या वर्षांत भोवतालच्या मोठ्या देशाने तो गिळला कसा नाही? माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत आठवीच्या जवळजवळ प्रत्येक तुकडीतल्या एखाद्या मुलाने हा प्रश्न विचारला आहे, आणि दर वेळी तो ऐकून मला पहिल्यांदा ऐकल्याइतकाच आनंद होतो.

आज हे कोडं तुला घालते आहे, कारण तुझं नियुक्तिपत्र त्याच फटीतून आलं आहे. गांबिया. दोन वर्षांचं काम, फराफेनी या गावाजवळ मुक्काम, भाताच्या खाचरांत शिरणारं खारं पाणी मोजायचं आणि ते अडवण्याचे उपाय शोधायचे. होकार किंवा नकार मंगळवारी, पंधरा तारखेला, कळवायचा आहे. पंचविशीतली दुसरी एखादी मुलगी परस्पर होकार कळवून मोकळी झाली असती. तू तसं केलं नाहीस. पुण्याला काकांच्या घरी राहतेस म्हणून, आणि या घरावर तुझा विश्वास आहे म्हणून, तू तो विषय आपण होऊन घरच्या बैठकीत मांडलास आणि बैठक म्हणेल ते मान्य करीन असं सांगितलंस. तीस जानेवारीच्या रविवारी, व्हिडिओ कॉलवर भरलेल्या बैठकीने तो फेटाळला. ज्याचा विषय त्याने मतदानाच्या वेळी बाहेर थांबायचं, या आजोबांच्या नियमाप्रमाणे तू बाल्कनीत उभी होतीस. त्या संध्याकाळी तू मला फोनवर एकच ओळ पाठवलीस. मी तिला बारा दिवस उत्तर दिलेलं नाही. आज देते आहे, पण माझ्या रीतीने: आधी जमीन, मग माणसं, मग राज्यकारभार. हाताने लिहून पानांचे फोटो पाठवीन. तू उत्तर इंग्रजीत देशील हे ठाऊक आहे, त्याला हरकत नाही.

जमीन म्हणजे इथे नदीच. शेजारच्या गिनी देशातल्या डोंगराळ पठारावर गांबिया नदी उगम पावते, सेनेगलमधून वळणं घेत येते आणि शेवटचा संथ, रुंद टप्पा या देशातून पार करून समुद्राला मिळते. देश म्हणजे तिचे दोन काठ, बाकी काही नाही. एकोणिसाव्या शतकात नदीच्या मुखाशी इंग्रज व्यापारी ठाण मांडून होते आणि भोवतालचा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात होता. १८८९ साली दोघांनी पॅरिसमध्ये बसून ठरवलं की दोन्ही काठांपासून साधारण दहा-दहा किलोमीटर इंग्रजांचे, उरलेलं फ्रेंचांचं. नदी वळली तशी रेषा वळली. इंग्रजांनी नदीत गलबत उभं करून दोन्हीकडे तोफा डागल्या आणि गोळा पडला तिथे सीमा आखली, अशी एक दंतकथा आहे. मुलांना ती फार आवडते. मी ती रंगवून सांगते आणि लगेच खोडून काढते, कारण रेषेला पराक्रमाची गोष्ट चिकटली की रेषा ज्या टेबलावर आखली गेली ते टेबल विसरलं जातं. ज्यांच्या शेतांमधून ती गेली त्यांना त्या टेबलाशी खुर्ची नव्हती. ते बहुधा बाहेर थांबले होते.

तुझं काम कशासाठी आहे ते याच नदीत दडलं आहे. हा देश इतका सपाट आहे की त्याची सर्वांत उंच जागा पन्नास-साठ मीटरच्या पलीकडे नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला ती चढण वाटणारही नाही. त्यामुळे समुद्राची भरती नदीत अडखळत नाही, सरळ आत शिरते. कोरड्या महिन्यांत खारटपणा मुखापासून सुमारे अडीचशे किलोमीटर आत पोचतो. पावसाळ्यात वरून येणारं गोडं पाणी त्याला मागे रेटतं. खाऱ्या आणि गोड्या पाण्यामधली ही सीमा दर वर्षी पुढे-मागे सरकत राहते, आणि तिच्या काठाकाठाने बायका भात लावतात. भुईमूग पुरुषांचा, विकायचा. भात बायकांचा, खायचा. पाऊस कमी झाला की खारं पाणी जास्त दिवस मुक्काम करतं आणि खाचर कायमचं नासतं. मी हे आपल्या इमारतीतल्या ताहेरुन्निसाभाभींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं लसूण सोलणं थांबवलं. रत्नागिरीच्या खाडीकाठी त्यांच्या माहेरचं खाजण आहे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातजमीन. म्हणाल्या, "त्यात नवल काय सांगता टीचर? बांध फुटला की तीन वर्षं पीक नाही. आमची आजी जिभेवर पाणी ठेवून सांगायची, आज लावणी करायची की नाही ते. तुमची गार्गी तेच करणार ना, फक्त यंत्राने?" गार्गी, तुझ्या दीडशे पानी प्रबंधाचा इतका नेमका सारांश तुझ्या मार्गदर्शकांनाही करता आला नसेल.

आता आकाराचा मुद्दा, कारण बैठकीतली पहिली हरकत तीच होती. तुझ्या काकांचं, श्यामदादांचं, वाक्य असं होतं: "एवढासा देश, उद्या नकाशावरून पुसला गेला तर पेपरात बातमीही यायची नाही." गांबियाचं क्षेत्रफळ सुमारे अकरा हजार तीनशे चौरस किलोमीटर आहे. कतारचं साडेअकरा हजारांच्या आसपास. लोकसंख्या तिथे पंचवीस लाखांच्या घरात, इथे अठ्ठावीस लाखांच्या. दोन्ही देश आपल्या पुणे जिल्ह्याहून लहान. म्हणजे ते वाक्य दादांनी स्क्रीनवर ज्यांच्याकडे बघून उच्चारलं ते तुझे आईबाबा एकोणीस वर्षं एवढ्याशाच देशात राहतात, आणि दिवाळीला पुण्यात आले की त्यांची ओळख "आमचा धाकटा भाऊ, कतारला असतो" अशी मान ताठ ठेवून करून दिली जाते. इथे तर एकही नदी नाही. मी सकाळी चहाला ठेवते ते पाणी काल समुद्र होतं. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर फुटबॉल वर्ल्ड कपचे उरलेले दिवस मोजणारं घड्याळ उभं केलं आहे, महिन्याआड एखादा रस्ता खोदला जातो आणि महिन्याआड तो नवा होऊन उघडतो, आणि नोव्हेंबरात सगळं जग या अकरा हजार चौरस किलोमीटरांत येणार म्हणून कुणालाही ते लहान वाटत नाही. जमिनीखाली वायू असला की देश मोठा आणि जमिनीवर भात असला की देश एवढासा, ही भूगोलाची व्याख्या मी मान्य करत नाही. कुठल्याही इयत्तेत केली नाही आणि घरातही करणार नाही.

माणसांबद्दल मी पुस्तकातून नव्हे, फातूकडून शिकले. फातू जालो, वय एकतीस, मुशैरिबमधल्या एका कार्यालयाच्या दारावर सुरक्षारक्षक आहे आणि उम्म सलाल मोहम्मदला सहा जणींच्या खोलीत राहते. डिसेंबरात इथे अरब कप झाला, वर्ल्ड कपची रंगीत तालीमच ती, तेव्हा मी स्वयंसेवक म्हणून प्रेक्षकांना प्रवेशद्वारं दाखवत होते आणि ती त्याच द्वारावर पिशव्या तपासत होती. तिच्याबरोबर सेनेगलचा एक उंचेला रक्षक होता. तो दिवसभर तिला डिवचायचा, "तुझा देश म्हणजे आमच्या तोंडातली जीभ. आम्ही तोंड मिटलं की संपलात." फातू पिशवीतून डोकंही वर न काढता म्हणायची, "जीभ आम्ही, दात तुम्ही. पडतात कोण आधी?" मला वाटलं आता भांडण होणार. दोघं हसत होते. नंतर तिने समजावलं की त्यांच्याकडे काही घराण्यांमध्ये, काही जमातींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं असतं. अशा माणसाने तुम्हाला खादाड म्हटलं, चोर म्हटलं, तरी रागवायची सोय नाही, उलट त्याला आणखी झोंबेल असं उत्तर शोधायचं. जमातींत मान्दिन्का सर्वांत जास्त, साधारण तिघांत एक. मग फुला, म्हणजे फातूची माणसं. मग वोलोफ, जोला, सेराहुले आणि आणखी काही. शंभरांतले पंचाण्णव मुसलमान, उरलेले बहुतेक ख्रिस्ती, आणि सणाला एकमेकांकडे जेवणाची ताटं जातात. कारभाराची भाषा इंग्रजी, म्हणजे दोह्यात इंग्रजी शाळेत शिकलेल्या तुला पहिल्या दिवसापासून बोलता येईल. अर्ध्याहून अधिक लोकसंख्या विशीच्या आतबाहेरची. राजधानी बांजुल नदीच्या मुखाशी एका बेटावर आहे आणि तिथे जेमतेम तीस-पस्तीस हजार माणसं राहतात. खरी गर्दी शेजारच्या सेरेकुंडात.

तुझ्यापासून वाईट भाग लपवणार नाही, नाहीतर मी शिक्षिका कसली. मलेरिया आहे. वीज जाते. काम मिळत नाही म्हणून तरुण वाळवंट ओलांडून, मग होडीने युरोप गाठायला निघतात. तिकडे या वाटेला 'बॅकवे' म्हणतात. फातूचा धाकटा भाऊ त्या वाटेने गेला आणि लिबियातून त्याचा शेवटचा फोन येऊन चार वर्षं झाली. हे सांगताना ती रडली नाही. "शेतात भात टिकला असता तर तो तिथेच राहिला असता, मॅडम टीचर," एवढंच म्हणाली. मी तेव्हा तिला तुझ्याबद्दल काही बोलले नव्हते. तू तोवर अर्जही केला नव्हतास.

आता राज्यकारभार. हा धडा मला सर्वांत प्रिय आहे, आणि बैठकीत हसू फुटलं ते यावरच. १९६५च्या फेब्रुवारीत देश स्वतंत्र झाला, पाच वर्षांनी प्रजासत्ताक झाला. राष्ट्राध्यक्ष लोकांनी थेट निवडायचा, पाच वर्षांसाठी. संसदेत अठ्ठावन्न सभासद, त्यातले त्रेपन्न निवडून आलेले आणि पाच राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. गावाचा प्रमुख तो अल्कालो, गावांच्या गटाचा प्रमुख तो सेफो. स्वातंत्र्याच्या सुमारास प्रश्न पडला की बहुसंख्य लोकांना वाचता येत नाही, तर मतपत्रिका छापून उपयोग काय. उत्तर सापडलं ते असं: प्रत्येक उमेदवाराचा एक पत्र्याचा पिंप, त्याच्या पक्षाच्या रंगात रंगवलेला, वर त्याचा फोटो. पिंपाच्या झाकणात एक नळी. मतदाराने बोटाला शाई लावून घ्यायची, अधिकाऱ्याकडून काचेची एक गोटी घ्यायची, पडद्याआड एकट्याने जायचं आणि हव्या त्या पिंपात ती सोडायची. गोटी आत पडताना घंटेवर आपटते आणि टण्ण असा एकच आवाज येतो. बाहेरच्यांना कळतं की मत पडलं. कुठल्या पिंपात पडलं ते कळत नाही, कारण सगळ्या घंटा एकसारख्या. दोन आवाज आले तर कुणीतरी लबाडी केली. तळाशी वाळू किंवा भुसा असतो, म्हणजे गोटी गोटीवर आपटून खोटा आवाज येऊ नये. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकली आणू देत नाहीत, असं फातू सांगते, कारण सायकलची घंटा! संध्याकाळी गोट्या भोकं पाडलेल्या लाकडी ताटांत ओततात. ताट भरलं की आकडा आपोआप झाला, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या निरक्षर म्हातारीलाही तो पडताळून पाहता येतो. तू यंत्रं हाताळणारी मुलगी आहेस. साध्या रचनेतली ही हुशारी तुला माझ्याहून जास्त कळेल. चार डिसेंबरच्या शनिवारी तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. परदेशात असलेल्यांना मत देता येत नव्हतं, म्हणून फातू जेवणाच्या सुटीत फोन कानाला लावून आईला विचारत होती, "टाकलीस? वाजली?" मी तिला आमच्याकडच्या मतदान यंत्राचं कौतुक सांगितलं. ती म्हणाली, "यंत्र बिघडलं असं ऐकलंय. गोटी बिघडलेली कुणी पाहिली आहे का?"

"गोट्या खेळून राजा निवडणारा देश," असं श्यामदादा म्हणाले, आणि रत्नावन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. लष्करी उठाव झाला होता, हुकूमशाही होती, हेही दादांनी कुठून तरी वाचून आणलं होतं आणि ते खरं आहे. १९९४ साली तिथे लष्कराने सत्ता बळकावली आणि त्यातूनच पुढे आलेला माणूस बावीस वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिला. त्याच्याविरुद्ध बोलणारे गायब होत. पण दादांनी वाचलेला मजकूर तिथेच संपत होता, आणि गोष्ट तिथे संपत नाही. २०१६च्या डिसेंबरात त्याच गोट्यांनी त्याला हरवलं. त्याने आधी हार कबूल केली, आठवड्याभराने नाकबूल केली; शेजारच्या देशांनी फौजा सीमेवर आणल्या तेव्हा जानेवारीत तो देश सोडून गेला. बावीस वर्षं ज्याच्याविरुद्ध तोंड उघडायची सोय नव्हती त्याला पडद्याआडच्या एकेका टण्ण आवाजाने घालवलं. ज्याला हसायचं त्याने हसावं. मी हा धडा उभं राहून शिकवते.

फातूने त्या वर्षीची तिच्या सासरची गोष्ट मला सांगितली. तिकडे एका अंगणाभोवती भावाभावांच्या खोल्या असतात आणि सर्वांत वडील पुरुषाचा शब्द चालतो. त्या घरात नऊ बायका मतदार होत्या. मतदानाच्या आदल्या दुपारी तिच्या थोरल्या चुलतसासऱ्यांनी सगळ्यांना अंगणात बसवून सांगितलं की आपलं घर राष्ट्राध्यक्षांचं आहे, गोटी हिरव्या पिंपात पडली पाहिजे. कुणाचं काही वेगळं मत आहे का, असंही त्यांनी सज्जनपणे विचारलं. नऊ बायकांनी नाही म्हणून माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी नऊजणी रांगेने पडद्याआड गेल्या, नऊ वेळा घंटा वाजली. संध्याकाळी ताटं भरली तेव्हा त्या छोट्याशा केंद्रावर हिरव्या पिंपाचं ताट सर्वांत रिकामं होतं. चुलतसासरे घरी येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, "गावाने दगा दिला, पण माझं घर माझ्या शब्दात राहिलं." बायका खाली मान घालून भात कांडत होत्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं. आजपर्यंत त्या नऊजणींनी एकमेकींना विचारलेलं नाही. "विचारायचं कशाला?" फातू म्हणाली. "ताट सगळ्यांनी पाहिलं होतं."

ही गोष्ट मी डिसेंबरात ऐकली आणि अंगणाची रचना वहीत लिहून घेतली, शिक्षिकेच्या सवयीने. आपल्या घराशी तिचा काही संबंध आहे असं मला सुचलंही नाही. आपण तर सुशिक्षित माणसं. आजोबा सहकारी संस्थांचे उपनिबंधक होते, आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या सभा कायदेशीर आहेत की नाहीत ते तपासलं आणि निवृत्तीनंतर घरातही रीतसर सभा सुरू केली: विषयपत्रिका, सूचक, अनुमोदक, हात वर करून मतदान, वहीत इतिवृत्त. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा मला याचं केवढं कौतुक वाटलं! माझ्या माहेरी वडील ताटावरून उठता उठता निर्णय सांगत. इथे सुनेलाही मत होतं. ती वही आता तुझी चुलतबहीण नुपूर लिहिते. मागे दिवाळीत मी ती पहिल्यापासून चाळली. तुझ्या बाबांनी स्थापत्य सोडून रसायन अभियांत्रिकीला जावं, रत्नावन्संनी नाटकात काम करणं थांबवावं, काकूंनी बँकेतली बढती घेऊन नागपूरला जाऊ नये, नुपूरने कला शाखा घेऊ नये. सत्तेचाळीस ठराव आणि प्रत्येकाखाली एकच शब्द: सर्वानुमते. 'बहुमताने' हा शब्द एकदाही नाही. ज्या काकूंची बढती गेली त्यांच्याही हाताची त्यात मोजणी आहे, कारण ज्याचा विषय त्याने बाहेर थांबायचं हा नियम त्याच ठरावानंतर झाला; काकू हात वर करताना रडल्या होत्या आणि आजोबांना ते सभेच्या शिस्तीत बसलं नव्हतं.

तीस तारखेला काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार, म्हणून क्रमाने सांगते. आदल्या दिवशी गांबियाची फुटबॉल टीम आफ्रिकन कपमधून उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडली होती. जागतिक क्रमवारीत दीडशेवी, पहिल्यांदाच पात्र ठरलेली, आणि तरी शेवटच्या आठांत! फातूने मला निरोप पाठवला होता, "मॅडम टीचर, जीभ अजून दातांत आहे." मी बैठकीच्या सुरुवातीला हे उत्साहाने सांगायला गेले. दादा म्हणाले, "मालविका, विषयपत्रिकेवर फुटबॉल नाही." मग तू बाल्कनीत गेलीस. दादांनी तीन हरकती मांडल्या, ज्यांची उत्तरं मी वर दिली आहेत आणि तिथे दिली नाहीत. त्यांनी स्वतःचा हात आधी वर केला. नंतर चष्मा सारखा करून पडद्यावरच्या एकेका चौकटीकडे पाहिलं. ज्या चौकटीकडे पाहिलं तिथला हात वर झाला. नुपूरने लिहिलं. खलास. चार मिनिटंही लागली नसतील. त्यांच्या मनात तुझ्याबद्दल दुष्टावा नाही, हे मला माहीत आहे. तुझ्या दहावीच्या परीक्षेत ते मुद्दाम पुण्याहून इथे आले होते. माणूस प्रेमळ असला म्हणून पद्धत न्याय्य ठरत नाही.

काल तुझ्या बाबांना मी सांगितलं की मी तुला पत्र लिहिते आहे. ते उठून गॅलरीत गेले. मग आत येऊन म्हणाले, "रविवारी माझा कॅमेरा बिघडला असं सांगू का? दादाला हात दिसणारच नाही." सत्तावन्न वर्षांचा माणूस, एका वायू प्रकल्पाचे चार विभाग सांभाळतो! मला हसू आलं आणि नंतर आलं नाही. मी म्हटलं, "अवधूत, कॅमेरा चालू ठेवा आणि तुम्हाला पटेल ते करा." रविवारी त्यांचा हात कुठे असेल ते मला खरंच माहीत नाही, आणि मी विचारणार नाही. ते त्यांचं मत आहे.

आता तुझ्या त्या एका ओळीचं उत्तर. "आई, वॉज युअर्स वन ऑफ देम?" असं तू विचारलं होतंस. हो. सहा हात होते आणि सहावा माझा होता. दादांची नजर माझ्या चौकटीवर आली आणि माझा हात माझ्या आधी वर गेला. घाबरले, हे अर्धं कारण झालं. दुसरं अर्धं मी कालपर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं: तू पुण्याला गेल्यापासून सात वर्षं मी एका नोव्हेंबराची वाट पाहते आहे, तुझी खोली रंगवून घेतली आहे, आणि तू गांबियाला गेलीस तर वर्ल्ड कपला माझ्याकडे येणार नाहीस, एवढ्या स्वार्थासाठी दुसऱ्याच्या ठरावाआड मी लपले. ते मत मी आज मागे घेते. परवाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर फक्त 'नकार कळवण्याची नोंद' आहे. त्याआधी हे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यांसमोर वाच. मोठ्याने वाच, मी पडद्यावर असेन, कॅमेरा चालू असेल आणि माझे दोन्ही हात टेबलावर दिसतील असे ठेवलेले असतील. फातूच्या घरच्या बायकांना पडद्याची गरज होती. तुझ्या आईला आता नाही. ठराव काहीही होवो, मंगळवारी होकार कळव. तुझा विषय आहे, बाहेर थांबू नकोस. आणि वाचून झाल्यावर एक साधा प्रयोग कर, जो मी कठीण धडा संपल्यावर वर्गात करते. एकच प्रश्न दोनदा विचार: "गार्गीने जावं असं कुणाला वाटतं?" पहिल्यांदा सगळ्यांचे डोळे उघडे असताना हात वर करायला सांग आणि मोज. मग सगळ्यांना डोळे मिटायला सांग, नुपूरलासुद्धा, तू एकटीने उघडे ठेव, तोच प्रश्न त्याच आवाजात विचार आणि पुन्हा मोज. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिही. पहिला आकडा घराची शिस्त सांगेल आणि दुसरा घराचं मत. दोन्ही सारखे आले तर तुझ्या आईने हे सगळं चुकीचं शिकवलं असं खुशाल समज. वजाबाकी मात्र करून पाहा.

दोन्ही हात टेबलावर ठेवून,
तुझीच
आई